गुण्यागोविंदाने नांदण्याची दरखास्त

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. तडजोड पुरसीस लिहायला दिली होती, ते सगळे मसुदे मी वाचले. दोन भाऊ, शेतजमिनीचा एक गट, मधे एक विहीर, वाटपाचा दावा. बहुतेकांनी शेवटी लिहिलंय, 'उभय पक्षांनी यापुढे गुण्यागोविंदाने नांदावे.' वा! थोरला नाही नांदला, तर गुण्यागोविंदाने नांदण्याची दरखास्त लावणार? बेलीफ वॉरंट घेऊन जाईल आणि दोघांना मिठी मारायला लावेल?

हसू नका, हे तुमचंच अक्षर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 23, नियम 3 तुम्हांला तोंडपाठ आहे: तडजोड कायदेशीर, लेखी आणि पक्षकारांच्या सहीची हवी; कोर्ट ती नोंदवून हुकूमनामा देतं. पाठ केलंत आणि तिथंच थांबलात. त्यापुढे दरखास्तीसाठी, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी, आदेश 21 लागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दरखास्तीतलं कोर्ट हुकूमनाम्यात पदरचं अक्षर घालत नाही की त्यातलं काढत नाही. तुम्ही जे लिहिलं नाहीत, ते पक्षकाराला कधीच मिळणार नाही.

'पूर्वेकडील भाग धाकट्यास द्यावा.' किती गुंठे? चतुःसीमा कोणती? मोजणीचा नकाशा कुठं जोडलाय? बेलीफ ताबा द्यायला जाऊन बांध कुठं टाकणार? काहींनी नुसतं 'निम्मे-निम्मे' लिहून हात झटकले. मग सारा भरणाऱ्या जमिनीचं सरस-निरस वाटप कलम 54 प्रमाणे कलेक्टरकडे जाणार. म्हणजे एक कचेरी सुटली आणि दुसरी लागली.

'विहिरीचे पाणी सोयीने घ्यावे.' कुणाच्या सोयीने? वार लिहा, तास लिहा, विजेचं बिल कोण भरणार ते लिहा. पाळी ठरलेली असेल आणि कुणी अडवली, तर आदेश 21 नियम 32 आहे. मिळकत जप्त होते, दिवाणी कैदही होते. 'सोय' मोडली म्हणून कुणाला तुरुंगात घालता येत नाही.

काही शहाण्यांनी वाटपात गावठाणातलं घर घुसडलंय. ते दाव्यात होतं का? दाव्यातल्या मिळकतीपुरत्या तडजोड हुकूमनाम्याला नोंदणी कायद्याच्या कलम 17 मध्ये सूट आहे. बाहेरची स्थावर मिळकत आत आणलीत की ती सूट गेली.

आणि बहीण? वंशावळीत तिचं नाव स्पष्ट दिलं होतं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी सहदायाद झाली, 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वाद मिटवला, आणि तुम्ही तिला पक्षकारही केलं नाहीत. जिची सही नाही, तिच्यावर तुमची तडजोड बंधनकारक नाही. ती उद्या स्वतंत्र दावा लावेल आणि तिचंच बरोबर असेल.

'नंतर दुरुस्त करू' म्हणणाऱ्यांनी नीट ऐका. कलम 96 चं पोटकलम 3 वाचा, तडजोड हुकूमनाम्यावर अपील नाही. आदेश 23 चा नियम 3-अ वाचा, तडजोडच बेकायदा म्हणून वेगळा दावाही चालत नाही. जायचं ते त्याच कोर्टात. लोकअदालतीचा आधार शोधू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचंच बळ आहे आणि अपील तिथंही नाही. ढिसाळ लिहाल, तर ढिसाळपणाच कायमचा होईल.

दरखास्तीला 12 वर्षांची मुदत आहे खरी. तुमच्या या कागदांवर 12 वर्षं खेटे घालूनही कुणाला वितभर जमिनीचा ताबा मिळणार नाही, आणि फी मात्र तुम्ही पहिल्याच तारखेला घेतलेली असेल.

मसुदे परत न्या. उद्या नव्यानं लिहून आणा: क्षेत्र, चतुःसीमा, नकाशा, तारीख, रक्कम, आणि शब्द मोडला तर काय, सगळं. ज्याचा कागद वाचून बेलीफाला एक जरी प्रश्न पडेल, त्यानं वर्गात पाय ठेवू नये.