विकत घेतलेला वारसा

मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी कोबीच्या बियांचं एक पाकीट ऑनलाइन मागवलं. वाण गोल्डन एकर. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘एअरलूम’. म्हणजे घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेली वस्तू. बियाण्याच्या बाबतीत याचा अर्थ, संकरित नसलेलं जुनं वाण. त्याचं बी धरून पुन्हा पेरलं की पुढची पिढी मूळ वाणासारखीच निघते. संकरित कोबीचं तसं नसतं. त्याचं बी धरलं तर पुढची पिढी विस्कटते, म्हणून दरवर्षी दुकान गाठावं लागतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या आमच्या गावातून, घरूनच काम करतो. चौफेर ऊस, त्याला नीरा डाव्या कालव्याचं पाणी, आणि भाजी मात्र आठवडे बाजारातून. अशा गावात परसात कोबी लावायचं कारण लोकांना मी ‘विषमुक्त भाजी’ असं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं.

आमचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आजी आदल्या वर्षी गेली होती. माजघरातली तिची उतरंड मीच बाहेर काढली. खालच्या गाडग्यांत राख होती, राखेत पावटा, दोडका, भोपळ्याचं बी. मी ते सगळं उकिरड्यावर ओतलं. आई रानातून आली, पालथी गाडगी बघितली आणि म्हणाली, “आरं, त्यात बी हुतं की.” एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

म्हणजे घरातला फुकट मिळालेला वारसा फेकून दिलेला माणूस दुसऱ्या कुणाचा तरी वारसा पैसे मोजून मागवत होता. हे चालतं का? वारसा विकत घेता येतो का?

कोबी छान आला. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत भरून बी टाकलं, महिन्याभरानं दीड-दीड फुटावर रोपं लावली. पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्यांसाठी कडेनं मोहरी लावली. पतंग आधी मोहरीवर अंडी घालतात. जानेवारीच्या शेवटी किलो-सव्वा किलोचे घट्ट गड्डे तयार झाले. चार गड्डे मी बियांसाठी राखले आणि फुलांची वाट बघत बसलो.

फुलं आलीच नाहीत. मार्चच्या उन्हात गड्डे तडकले आणि सडले.

मग वाचलं. या जातीच्या कोबीला फुलायला थंडी लागते. रोप पुरेसं मोठं झाल्यावर काही आठवडे सलग साधारण दहा अंशांच्या खालचं तापमान. आपल्याकडे अशा रात्री येतात, पण चार-दोन. म्हणून गोल्डन एकरचं बी हिमाचलसारख्या थंड भागात तयार होतं. कुलू खोऱ्यात कटराईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे या कामाची परंपरा आहे. शिवाय कोबीचं रोप सहसा स्वतःच्या परागांनी बी धरत नाही, शेजारी दुसरी रोपं लागतात. आणि जवळपास फ्लॉवर किंवा नवलकोल फुलला असेल तर त्याच्याशी संकर होतो, कारण मुळात ती एकच प्रजाती.

मला आधी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. सोर्स कोड हातात आहे, पण माझ्या मशीनवर तो चालतच नाही, तसं. आपल्याकडे २००१चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. तो शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क देतो. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. हक्क होता, बी होतं, पैसे दिले होते. तरी पुढची पिढी माझ्या हातात नव्हती.

हळूहळू लक्षात आलं, की चूक पाकिटाची नव्हती. मी वारशाला वस्तू समजत होतो. वस्तू विकत घेता येते, हरवता येते, भरूनही काढता येते. आजीच्या गाडग्यात वस्तू नव्हती, काम होतं. दरवर्षी चांगल्या शेंगा वेलावर राखायच्या, वाळवायच्या, राखेत घालायच्या, मागेल त्याला मूठभर द्यायच्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच कामासाठी. पाकीट उघडून मी फक्त ते काम खाल्लं होतं, पुढे नेलं नव्हतं.

आणि ‘आपलं’ तरी काय? ‘कोबी’ हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला. कुणीतरी परकं बी इथे लावत राहिलं, म्हणून आज कोबीच्या भाजीशिवाय डबा होत नाही.

एप्रिलमध्ये इंदापूरकडच्या आत्याकडे गेलो. आजीनं तिला लग्नानंतर पावट्याचं बी दिलं होतं, असं आई म्हणाली होती. आत्याकडे ते राहिलेलं नव्हतं. “आता कोण लावतंय रं,” म्हणाली. पण तिनं एकदा शेजारच्या म्हातारीला दिलं होतं. त्या आजींकडे पावटा होता. तो आत्याचाच का, हे त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी वाटीभर दिला आणि बजावलं, “दुप्पट परत आणायचा.”

पावट्याला हिमाचलची थंडी लागत नाही, आणि तो बहुतेक स्वतःच्याच परागांवर बी धरतो. जूनमध्ये कुंपणाला लावला. आता शेंगा वेलावरच वाळताहेत. तो आमच्या आजीचा आहे की नाही, हे कधीच कळणार नाही. आईला दाखवला. तिनं दाणा दातानं फोडून बघितला, म्हणाली, “अजून चार दिस वाळू दे.”

दोन वाट्या त्या आजींच्या. उरलेला राखेत.