शोकाचा आघात आणि देह

कुरुक्षेत्रावर एकही बाण अंगाला लागण्यापूर्वीच अर्जुनाची गात्रे शिथिल झाली, तोंडाला कोरड पडली, त्वचेचा दाह होऊ लागला आणि गांडीव हातातून गळू लागले. मनावरचा आघात देहावर कसा उमटतो, याचे हे गीतेतील पहिलेच चित्र होय. चरकसंहितेतही अतिसाराचे भयज आणि शोकज असे दोन प्रकार वेगळे सांगितले आहेत.

आधुनिक वैद्यकही याची साक्ष देते. १९९० मध्ये जपानी वैद्यांनी ‘ताकोत्सुबो’ नावाच्या हृदयविकाराचे वर्णन केले. आप्तमृत्यूसारख्या आघाताने हृदयाचा एक भाग एकाएकी दुर्बल होऊन फुगतो. त्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा दिसतो. अशा रोग्यांत उतारवयाच्या स्त्रियाच अधिक असतात. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. परंतु क्वचित मृत्यूही ओढवतो.

म्हणून दुःखाची वार्ता ऐकून वृद्ध मातेच्या छातीत कळ उठली, तर ‘शोकामुळे होत आहे’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तिची श्रद्धा उणी पडली, असा दोषही देऊ नये. प्रत्येक व्याधीचे मूळ शोकातच असते, असेही नाही.

भगवंतांनी शोकाकुल अर्जुनाचा त्याग केला नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि मगच बोध केला. तितिक्षा ही स्वतः साधावयाची असते, दुसऱ्यावर लादावयाची नसते. दुःखिताजवळ धीराने बसणे, हाच गृहस्थाचा धर्म होय.