कणाचा हिशोब आणि डोंगराचा

जे दिसत नाही ते आहे असे कशावरून मानावे, या प्रश्नाचे उत्तर नैयायिकांनी धूर आणि अग्नी यांच्या दाखल्याने दिले. न्यूट्रिनोच्या बाबतीत धूरही नव्हता. होती ती केवळ जमाखर्चातील तूट. किरणोत्सर्गी अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना ऊर्जेचा मेळ बसेना. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडून द्यावा की काय, इथवर नील्स बोर यांच्यासारख्यांची तयारी झाली. १९३० साली पाउली यांनी दुसरी वाट धरली : नियम खराच, तूट एखादा अदृश्य कण घेऊन जात असला पाहिजे. तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडले.

त्याला विद्युद्भार नाही, वस्तुमान अत्यल्प. सूर्याकडून येणारे असे सुमारे साडेसहा हजार कोटी कण आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदास आरपार जातात. रात्री ते पायांखालून, सारी पृथ्वी भेदून येतात. त्यांच्या जाती तीन, आणि प्रवासात एका जातीचा कण दुसऱ्या जातीचा होतो. (आपल्या समाजास हे अद्याप साधलेले नाही.)

इतक्या अलिप्त कणास गाठायचे, तर इतर किरणांचा गोंगाट अडविण्यासाठी माथ्यावर डोंगर हवा. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. खाण आधीच खणलेली होती. कोणाची परवानगी मागावी, हा प्रश्न उद्भवला नाही. ती २००१ मध्ये बंद पडली. पुढे तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराखाली सुमारे दोन किलोमीटरांचा बोगदा आणि पन्नास हजार टन लोखंडाचे उपकरण योजले गेले. २०१५ साली केंद्राने मान्यता दिली. २०२२ साली राज्यशासनाने सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदविला.

विरोधकांपैकी काहींना न्यूट्रिनोच घातक वाटले. ही भीती निराधार आहे. जो कण अनादि काळापासून आपल्यातून जातो आहे, तो बोगद्यात शिरून निराळा होत नाही. पण तेवढ्यावरून त्यांचा सारा आक्षेप अडाणीपणात जमा करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांखाली उद्या कोणी असा बोगदा मागितला, तर आम्ही जबलपूरकर प्रथम नर्मदेचे काय, हेच विचारू. पाउली यांनी अणूकडे पै-पैचा हिशोब मागितला, तो शास्त्रज्ञाचा धर्म ठरला; डोंगरपायथ्याच्या गावाने तोच मागितला, तर त्याला अडथळा का म्हणावे?

तरीही बोगदा खणावा, या मताचे आम्ही आहोत. मात्र सुरुंग किती दिवस लागणार, निघालेला दगड कुठे पडणार आणि विहिरींच्या पाण्याचे काय होणार, हे त्या गावाला त्याच्या भाषेत, पहिली कुदळ पडण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे.