अपयशाची फी

'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' हे वाक्य ज्याच्या शाळेच्या भिंतीवर नव्हतं, असा मराठी माणूस दाखवून द्यावा. एकूण पायऱ्या किती, हे मात्र कुठल्याच भिंतीवर लिहिलेलं नसतं. त्यामुळे बरीच मंडळी पहिल्याच पायरीवर बैठक मारतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जिना चढण्याबद्दल सल्ले देतात.

आमच्या सिहोऱ्यात सध्या एक भाचा अग्निबाण सोडतो. दारूचे नव्हेत, पाण्याचे. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, तोंडाला बूच आणि बुचातून सायकलच्या पंपाची नळी. हवा भरत गेलं की बूच सुटतं. पाणी खाली, बाटली वर. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत पहिली बाटली पुरुषभर उंच गेली, कोलांटी खाल्ली आणि सरळ प्रेक्षकांत शिरली.

"काहून रे पोट्ट्या, चंद्र धुऱ्यावर हाय का?" एका बाबाजींनी विचारलं.

पोट्टा हसला नाही की रडला नाही. त्यानं वहीत लिहिलं : 'टोक हलकं.' मग टोकाला ओली माती थापली, शेपटीला पुठ्ठ्याचे पंख लावले. बाटली वजनाच्या मध्यावर दोरीनं बांधून गरागरा फिरवून पाहिली. टोक पुढं राहिलं तर बाण सरळ जाणार. वजन पुढं आणि वाऱ्याचा दाब मागं, एवढीच त्यातली मेख. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा कायदा. सातवी बाटली आंब्याच्या वर गेली!

"मामाजी, सहा पडल्या म्हणून सातवी गेली," तो म्हणाला.

हे मात्र मला अर्धंच पटलं. नुसत्या पडण्यानं शहाणपण येतं, तर आमच्या गल्लीतले खड्डे विद्यापीठ ठरले असते. शिकवते ती वही. अपयश हा गुरुजी नव्हे, तो साक्षीदार. विचाराल तेवढंच सांगतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड : पडण्याची फी कोण भरतो? अमेरिकेत गोडार्डचा द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण 1926 साली 41 फूट चढून कोबीच्या मळ्यात पडला. फी कोबीनं भरली. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेलं एसएलव्ही-3 सव्वापाच मिनिटांत समुद्रात गेलं. प्रकल्पप्रमुख होते अब्दुल कलाम. पण पत्रकारांपुढं बसले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. जबाबदारी माझी, म्हणाले. 18 जुलै 1980 ला तेच यान 35 किलोचा रोहिणी घेऊन कक्षेत पोचलं, तेव्हा धवनांनी पत्रकारांपुढं कलामांना धाडलं. मधल्या अकरा महिन्यांत त्या माणसांना डोकं खाली घालून दोष शोधता आला, कारण डोक्यावर कोणीतरी छत्री धरली होती.

आता आमचा धानवाला शेतकरी घ्या. त्याचे पऱ्हे वाळले, रोवणी बुडाली, तर त्याला 'पहिली पायरी' म्हणून पाठ थोपटणार का? त्याचा प्रयोग वर्षातून एकदाच होतो आणि फी घरच्या ताटातून जाते. आणि याच जिल्ह्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. तिथं तर पायरीची म्हण तोंडातूनही काढू नये.

म्हणून भिंतीवरचं वाक्य जरा दुरुस्त करावं, असं माझं नम्र मत आहे. अपयश पायरी होतं, पण तीन अटींवर : ते लहान असावं, कुणीतरी ते लिहून ठेवावं आणि मोठ्यांनी त्याचं खापर लहानांच्या डोक्यावर फोडू नये. पहिली अट पंपाची, दुसरी वहीची. तिसरी आपली, धुऱ्यावर बसून विचारणाऱ्यांची.

वाक्य लांब झालं खरं. भिंत मोठी घ्यावी लागेल.