तिचा रविवार

दहा आज्ञांपैकी तिसरी आज्ञा मी लहानपणापासून एवढीच समजत आलो: रविवारची मिस्सा चुकवायची नाही. ती मी पाळतो. पण बायबलमध्ये निर्गम ग्रंथाच्या २०व्या अध्यायात ही आज्ञा जिथे आहे, तिथे विसावा कोणाकोणाला द्यायचा तेही सांगितलं आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं, दाराशी राहणारा परका. अनुवाद ग्रंथाच्या ५व्या अध्यायात कारणही आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होतात. म्हणजे आज्ञा पाळली की मोडली, हे माझ्या हजेरीवरून ठरत नाही. त्या दिवशी माझ्या घरी कोण राबतं, यावरून ठरतं.

दिल्लीतल्या मयूर विहारात घरकामाला येणाऱ्या बाया त्रिलोकपुरी, कल्याणपुरीतून येतात. दिल्लीत या कामात झारखंड-छत्तीसगडच्या आदिवासी बायका पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येक ख्रिस्ती. आपण वेळेवर मिस्सेला पोहोचावं म्हणून आपल्या घरी राबणाऱ्या बाईने तिची मिस्सा सोडायची? प्रत्येक रविवारी मी स्वतःला हे विचारतो. तिला सुट्टी दिली, तरी रविवारची खरकटी भांडी सोमवारपर्यंत ओट्यावर साचून राहिली, तर तो विसावा झाला का? मला तरी वाटतं, नाही झाला. तिचं काम फक्त एक दिवस पुढे सरकलं.

पगाराच्या प्रश्नाचं उत्तर याहून अवघड आहे. ‘सोसायटीत हाच रेट चालू आहे, आणि ती कबूल झाली आहे,’ असं आपण सगळेच म्हणतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात हीच पळवाट बंद केली. कामगार नाइलाजाने कमी पैशांवर कबूल झाला म्हणून ती मजुरी न्याय्य होत नाही. त्याचं साधं जगणं तीत भागलं पाहिजे, असं त्यांनी लिहिलं. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा कामगार संत योसेफचा सण ठरवला. आम्हा मराठी माणसांना त्या दिवशी आधी महाराष्ट्र दिन आठवतो, ते ठीकच आहे. पण योसेफसमोर मेणबत्ती लावताना घरात राबणाऱ्या बाईचा पगार का आठवू नये? तिच्या आजारपणाचे दिवस पगारातून कापले असतील, तर ती मेणबत्ती कोणाच्या पैशांची?

घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११चा १८९वा करार सांगतो. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. सरकार विचारत नाही, म्हणूनच हा हिशेब थेट देवापुढे द्यायचा आहे.

मिस्सेत अर्पणाच्या वेळी भाकर उचलली जाते, ती माणसाच्या श्रमाचं फळ म्हणून. ख्रिस्ती वाचकहो, येत्या रविवारी देवळात जाण्याआधी आपल्या घरातल्या बाईला तिची मिस्सा किती वाजता असते ते विचारा, पगारी सुट्टी द्या आणि त्या दिवशीची भांडी स्वतः घासा.