मीटरपाशी थोडा वेळ

रात्रीची आवराआवर झाली की मीटरपाशी जा. सोसायटीत राहत असाल तर तो खाली, जिन्याजवळ असेल. फक्त बघत उभे राहा. बिलाचा विचार आत्ता नको. बिल महिना सरल्यावर येतं, तोवर कुठला दिवस कसा गेला हे आपण विसरलेले असतो.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. जवळच पुष्कळदा ३२०० हा आकडा छापलेला असतो. दिवा इतक्यांदा लुकलुकला की एक युनिट होतं. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर हिशोब त्या प्रमाणात बदलेल. एकदा दिवा लागला. पुढच्या वेळी लागेपर्यंत सेकंद मोजा. ११ झाले, तर घर या घडीला साधारण १०० वॉट घेतं आहे. वर कुणी २००० वॉटचा गीझर लावला तर दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लागेल. श्वास आपल्या गतीने चालू द्या, मोजणी सुटू देऊ नका.

आता मन कोयनेकडे न्या. तिथल्या धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या वीजकेंद्रात उतरवलं आहे, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली. एवढ्या उंचीवरून ९०० लिटरच्या आसपास पाणी कोसळतं, तेव्हा कुठे एक युनिट तयार होतं. गच्चीवरची भरलेली टाकी डोळ्यांसमोर आणा आणि ती डोंगरमाथ्यावरून रिकामी होताना पाहा. इथे घाई करू नका. आपली बरीचशी वीज मात्र चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते. तिथे एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जातो. आपण बटण दाबतो त्याच क्षणी तेवढी वीज कुठेतरी तयार व्हावी लागते.

घरात या. दिवे, पंखे, फ्रिज, सगळं जरा वेळ बंद करा आणि परत मीटरपाशी उभे राहा. लाल दिवा अजूनही जवळपास दोन मिनिटांनी एकदा लागत असेल, तर १० वॉट कुठेतरी जात आहेत. सेट-टॉप बॉक्स असेल, राउटर असेल. दिवसरात्र चालले तर महिन्याला सात युनिटं. मला ही लुकलुक सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण मध्यरात्री तिचा कुणालाच उपयोग नसतो. आजीच्या खोलीतला रात्रीचा दिवा वेगळा, अंधारात उठताना तिला त्याचा आधार असतो. (जुना ‘झिरो’चा बल्बही १५ वॉटपर्यंत घ्यायचा. एलईडीचा त्याहून कितीतरी कमी घेतो, तेवढा बदलून द्या.) पाळण्यावरचा पंखाही तसाच. तिथे काटकसर करू नये.

मग एकेक वस्तू सुरू करा, फ्रिज सगळ्यांत आधी. प्रत्येक बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबा: आत्ता हे कुणाला हवं आहे? सेट-टॉप बॉक्सपाशी आलात की उद्या टीव्ही किती वाजता लावणार ते आठवा, आणि तोवर त्याचं बटण बंद ठेवा.