दोन बोटांची चूक

इतर कोणालाच न दिसलेली चूक आपण होऊन सांगावी का? प्रश्न जुना आहे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही त्यावर हिरिरीने वाद घातले होते. परंतु तेव्हाची उदाहरणे पुस्तकी असत. अलीकडे हाच प्रश्न आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थी माझ्याकडे घेऊन आला. त्याचे उदाहरण मात्र कसबा पेठेतील एका जुन्या वाड्यातले होते.

हा मुलगा छायाचित्रण शिकतो. एका लहानशा चित्रपटाच्या कॅमेरा-पथकात त्याला प्रथमच उमेदवारी मिळाली. पुण्याला अशी उमेदवारी नवी नाही. १९३३ साली ज्यांची ‘प्रभात’ कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, त्या दामले-फत्तेलालांनीही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली अशीच पडेल ती कामे करीत विद्या मिळवली होती. आमच्या मुलाच्या वाट्याला पहिले चार दिवस आले ते बॅटऱ्या चार्ज करणे, भिंगांच्या पेट्या वाहणे आणि प्रत्येक टेकपूर्वी क्लॅप देणे. त्या पाटीच्या आवाजावरून पुढे संकलनात चित्र आणि ध्वनी जुळवतात. वाडा तांबट आळीच्या जवळ. तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडू लागले की ध्वनिमुद्रकाची पंचाईत होई आणि सारे पथक हात बांधून उभे राही. (तांबटांची तेथली वस्ती पेशवाईपासूनची, थांबायचे ते पाहुण्यांनीच!)

पाचव्या दिवशी फोकस सांभाळणारा सहायक तापाने आडवा झाला आणि ते काम याच्याकडे आले. कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजायचे, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या आणि नट हलला की त्याच्याबरोबर भिंगावरचे कडे फिरवीत राहायचे. वाड्याच्या माजघरात उजेड मंद होता. अशा वेळी भिंग पुरते उघडे ठेवावे लागते, आणि मग चित्र स्पष्ट दिसण्याचा पट्टा जेमतेम काही बोटांचा उरतो. एक वृद्ध अभिनेत्री मुलाचे पत्र वाचते आणि तिला रडू कोसळते, असे दृश्य होते. तालमीत ती जेवढी वाकली होती, त्याहून टेकच्या वेळी अधिक वाकली. याचा हात मागे पडला. फार नव्हे, दोन बोटे.

कोणाच्याही लक्षात आले नाही. लहान पडद्यावर एवढा फरक चटकन कळत नाही. मोठ्या पडद्यावर कळतो. दिग्दर्शकाचे डोळे पाणावले होते. त्याने ‘ओके’ म्हटले आणि दिवे हलवायला सुरुवात झाली.

मुलगा दहा मिनिटे गप्प राहिला. आळीत पुन्हा ठोके सुरू झाले होते. ‘‘फादर,’’ तो मला म्हणाला, ‘‘तांबटाचा ठोका चुकला तर तो भांड्यावर दिसतो. माझी चूक फक्त माझ्या बोटांना ठाऊक होती.’’ शेवटी त्याने छायाचित्रकाराला सांगितले. दिग्दर्शक संतापला. दिवे पुन्हा जागेवर आणावे लागले. त्या बाई डोळे पुसून पुन्हा बसल्या. दुसरा टेक लख्ख उतरला, पण पहिल्याची सर त्याला आली नाही. पुढे संकलनात पहिलाच ठेवला गेला, धूसरपणासकट. ‘‘मग मी बोललो ते व्यर्थच ना?’’

दादासाहेब फाळके चित्रपट करू लागले तेव्हा फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. छिद्र वाकडे पडले तर पडद्यावर चित्र थरथरणार; पण त्या घडीला ते कळणार फक्त त्यांच्या बोटांना. आणि १९१३ साली त्यातून लोकांसमोर आला तो ‘राजा हरिश्चंद्र’. सत्यवचनाची कथा अशा अदृश्य हातांच्या सचोटीवर उभी होती, हे मला त्या मुलाशी बोलताना प्रथमच जाणवले.

कोणी म्हणेल, सिनेमा हाच मुळी बनाव. तेथे कसली सत्यनिष्ठा? परंतु पडद्यावरचे अश्रू अभिनयाचे आहेत हे प्रेक्षक जाणतो आणि ते मान्य करूनच तिकीट काढतो. पथकातील माणसांनी एकमेकांशी असा करार केलेला नसतो. तेथे ‘अंतर बरोबर होते’ एवढा शब्द खरा हवा, कारण बाकीचे सारे त्याच्या भरवशावर चाललेले असते.

म्हणून मी त्याला सांगितले, की तुझे बोलणे व्यर्थ गेले नाही. धूसर दृश्य ठेवावे की टाकावे, हे ठरवण्याचा अधिकार दिग्दर्शकाचा होता. तू गप्प राहिला असतास तर तो निर्णय तू परस्पर घेतला असतास, आणि आपण काही ठरवले आहे हे त्याला कळलेही नसते. दोन बोटांची चूक हा हाताचा दोष; नवशिक्याचा हात चुकणारच. त्या दहा मिनिटांबद्दल मात्र मी त्याला सूट दिली नाही. दिवे हलण्यापूर्वी तो बोलला असता तर निम्मे श्रम वाचले असते. ते त्याने मान्य केले.

त्या बाईंचे मात्र काय? एकाच्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून सत्तरीच्या स्त्रीला दुसऱ्यांदा रडावे लागले. याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते, आजही नाही. त्या संध्याकाळी मुलगा त्यांची क्षमा मागायला गेला, तेव्हा त्या ओसरीवर चहा घेत बसल्या होत्या. त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतले आणि उद्या मी किती वाकणार आहे ते आधी नीट मोजून घे, असे सांगितले.